सगळ्यांचा हापूस एकाच सुरात का विकला जातो?

तिरकी ओळ (धागाकर्ता)

एप्रिल लागला की इन्स्टाग्रामवर एकच रील पन्नास नावांनी फिरते. पहिल्या सेकंदाला सुरी आंब्यात शिरते, दुसऱ्याला फोड सुटी होते, वर जाड पिवळ्या अक्षरांत 'ओरिजनल हापूस कसा ओळखाल?', आणि शेवटी 'भावासाठी कमेंटमध्ये आंबा लिहा'. गूगलवरही तीच गत. 'देवगड हापूस' शोधा आणि वरची पाच-सात पानं उघडा. पोर्तुगीज आले, अल्फान्सो नाव पडलं, आंबा खाण्याचे दहा फायदे, आणि डझनाचा भाव पार तळाला. वाचणाऱ्याला हवी होती ती एकच ओळ, तिच्यासाठी अंगठा दुखेपर्यंत सरकवायचं.

याला आळस म्हणून सोडून देता येत नाही. मोजपट्टी एक असली की माल एकसारखा निघतो. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या व्ह्यूंऐवजी पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकायची तर तो किमान १० मिनिटांचा लागायचा, म्हणून सहा मिनिटांत उरकणारी गोष्ट पाणी घालून दहा मिनिटं आणि वर दोन सेकंद केली जायची. २०२० मध्ये ती अट ८ मिनिटांवर आली आणि व्हिडिओही शहाण्यासारखे आठवर येऊन बसले. फेसबुकने २०१८ मध्ये कमेंट आणि शेअरना जास्त वजन दिलं, तेव्हा पानंच्या पानं भांडणं लावण्याच्या धंद्याला लागली. २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात त्यांच्याच लोकांनी ही काळजी लिहून ठेवलेली होती.

तेव्हा माझा मुद्दा साधा आहे. जाहिरात लिहिणारा आता गिऱ्हाइकाकडे बघून लिहीत नाही, आलेखाकडे बघून लिहितो. असहमत असाल तर उदाहरणासकट या.

आकडेमोड

असहमत, आणि उदाहरणासकट.

बंधनं आधी नव्हती का? वर्तमानपत्रात कॉलम-सेंटिमीटरला पैसे मोजायचे, रेडिओवर दहा सेकंद मिळायचे. अमूलच्या मुलीचं होर्डिंग साठच्या दशकापासून मुंबईत लागतंय. चालत्या गाडीतून वाचून होईल एवढीच ओळ, तीही त्या आठवड्याच्या बातमीवर. त्या चौकटीत लोकांनी कमाल केली. चौकटीला दोष देऊ नका. दोष आहे तो दुसऱ्याचं उत्तर बघून स्वतःचा पेपर लिहिण्याला.

सुरीची रील एकाची चालली म्हणून बाकीच्यांनी उचलली. पण स्वतःच्या गिऱ्हाइकाने काय विचारलं ते पाहिलं कुणी? ते फुकट पाहता येतं. गूगलचं सर्च कन्सोल उघडा (आपलं पान शोधात कसं दिसतं ते साइटच्या मालकाला दाखवणारं साधन), परफॉर्मन्समध्ये जा, मागच्या हंगामाच्या तारखा लावा आणि 'क्वेरीज'ची, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या प्रश्नांची, यादी इम्प्रेशननुसार, म्हणजे तुमचं पान किती वेळा दिसलं त्यानुसार, लावून घ्या. नंतर सरासरी स्थान ८ ते २० मधल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढा. गूगल तुम्हाला तिथे दाखवतंय पण लोक क्लिक करत नाहीत, म्हणजे प्रश्न आहे आणि तुमचं उत्तर कच्चं आहे. आंब्याच्या पानाला तिथे 'हापूस आतून पांढरा का निघतो', 'कच्चा आंबा घरी कसा पिकवायचा', 'पेटीत किती डझन' असले प्रश्न सापडतात. पोर्तुगीजांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

एक खुबी: ही माहिती १६ महिनेच साठते. जूनमध्ये मागच्या वर्षीचा एप्रिल दिसतो, पण वर्षअखेरीला तो हंगाम पुसला गेलेला असतो. म्हणून जूनअखेर यादी उतरवून ठेवायची.

आता 'हापूस आतून पांढरा' हा प्रश्न घ्या. त्याचं उत्तर साका. बाहेरून फळ देखणं, दाबून कळत नाही, कापल्यावरच आत फिकट, चिवट गर निघतो. सगळे विक्रेते हे लपवतात. जो कापलेलं साक्याचं फळ दाखवून 'असं निघालं तर फोटो पाठवा, बदली मिळेल' म्हणेल, त्याची रील उरलेल्या पन्नासांत उठून दिसेल. ही कल्पना आलेखातूनच आली की नाही?

रोमनागरी

दोघांचंही निम्मं बरोबर आहे, पण मराठीत घोडं वेगळ्याच जागी पेंड खातं.

मराठी माणूस बोलतो मराठी आणि शोधतो इंग्रजी लिपीत. 'देवगड हापूस' देवनागरीत टाइप करणारे वेगळे, तेच रोमन अक्षरांत टाइप करणारे वेगळे, आणि 'अल्फान्सो मँगो ऑनलाइन पुणे' म्हणणारे आणखी वेगळे. तिघांना येणारे निकाल सारखे नसतात. त्यातून रोमनमध्ये हापूसच्या शेवटी एक एस की दोन, हा घोळ आहेच. लोक यावर उपाय म्हणून पानाच्या तळाशी सगळी स्पेलिंगं कोंबतात. त्याचा काही उपयोग नाही. मेटा कीवर्ड्सचा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) तर गूगल वापरत नाही असं त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून तो भरून देण्याचे पैसे घेणारे भेटतात.

चालतं ते असं: एकच पान, मथळा देवनागरीत, आणि पहिल्या परिच्छेदात एकदा इंग्रजी नाव सहज वाक्यात. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की त्याची चिन्हांची माळ होते. 'हापूस' या शब्दात काना आणि उकार धरून पाच चिन्हं. प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. म्हणजे एका हापूसची ४५ अक्षरं. असली लिंक बघून काकू म्हणतात, 'हे व्हायरसबियरस आहे, उघडू नका.'

मथळ्याचंही तेच. गूगल मथळा कापतं तो अक्षरं मोजून नाही, रुंदी मोजून. 'रत्नागिरी जिल्ह्यातील अस्सल नैसर्गिकरीत्या पिकवलेला' लिहीपर्यंत जागा संपते आणि 'हापूस' हा शब्दच बाहेर राहतो. मुख्य शब्द आधी, विशेषणं मागून.

तिरकी ओळ

रोमनागरी, माहिती उत्तम, पण ही नळजोडणी झाली. पाणी कुठून आणायचं हा प्रश्न राहिलाच.

आकडेमोड, तुमची साक्याची रील पहिल्या वर्षी उठून दिसेल. दुसऱ्या वर्षी पन्नास जण साका कापून दाखवतील. आणि शोधयादीत सापडतो तो प्रश्न आधीच कुणीतरी विचारलेला असतो. जे अजून कुणाला सुचलंच नाही, ते त्या यादीत कसं सापडणार? अमूलचं 'अटरली बटरली' कुणी सर्चमध्ये शोधत नव्हतं.

पेटीबंद

इथे पैसे देऊन जाहिरात करणाऱ्यांचा विषयच आला नाही, म्हणून थोडं लांब लिहितो.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपांना वापरणाऱ्याचा माग काढायचा तर त्याची परवानगी घेणं सक्तीचं केलं. त्याचा २०२२ च्या उत्पन्नाला साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने, स्वतः सांगितलं होतं. त्याआधी 'पुणे, वय ३० ते ४५, आंब्यात रस असलेले' असं बारीक गाळून जाहिरात दाखवण्यात हुशारी होती. आता तशी चाळणी लावली तर बहुतेक वेळा खर्चच वाढतो. शहर आणि वय ढोबळ ठेवायचं, बाकी माणसं यंत्र शोधतं. शोधतं कशावरून? जाहिरातीत काय आहे आणि ती बघून कोण थांबलं त्यावरून. अमेरिकेतल्या मुलाने नाशिकच्या आईबाबांना पेटी पाठवावी, अशी जाहिरात केली तर ती त्या मुलाकडे जाते. ऑफिसात वाटायला दहा पेट्या अशी केली तर वेगळ्या माणसाकडे. म्हणजे गिऱ्हाईक निवडायचं काम आता लिहिणाऱ्याकडे आलंय. कल्पकता मेली म्हणता, इथे तर तिच्याशिवाय गाडी हलत नाही.

लोक चुकतात ते इथे. 'पाच जाहिराती केल्या' म्हणतात आणि बघावं तर एकच फोटो, पाच रंगांची पट्टी. यंत्राच्या लेखी ती एकच जाहिरात. पाच वेगळी कारणं हवीत: भेट, घाऊक, कच्चा आंबा घरी पिकवण्याची हौस, साक्याची हमी, जीआयचा (भौगोलिक ओळखीचा) मुद्दा. या शेवटच्याला खरा आधार आहे. २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच 'हापूस' ही भौगोलिक ओळख आहे.

दुसरी चूक बजेटची. मेटाच्या यंत्राला स्थिरावायला एका ॲड सेटमध्ये (एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटात) आठवड्याला साधारण ५० निकाल, म्हणजे ऑर्डरी किंवा तुम्ही ठरवाल ते, लागतात. समजा रोजचे ५०० रुपये आहेत आणि एका ऑर्डरमागे २५० खर्च होतात. दिवसाला दोन ऑर्डरी, आठवड्याला चौदा. पन्नास गाठायला रोजचे जवळपास १,८०० लागतील. तेवढे नसतील तर 'खरेदी' हे उद्दिष्ट ठेवू नका, 'व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू' हे ठेवा. ते स्वस्तात आणि भरपूर मिळतं. आणि दर दोन दिवसांनी बटणं दाबायची खाज आवरा. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. आंब्याचा हंगाम मोजून आठ-दहा आठवड्यांचा, त्यातले तीन असेच जातात.

राहता राहिलं, कुठून ऑर्डर आली ते. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर कुठल्याच आलेखात दिसत नाही. सोपा उपाय: व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो. गूगलच्या पानावरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, पेटीबद्दल विचारायचं होतं', रीलखालच्या लिंकमध्ये 'नमस्कार, साक्याच्या हमीबद्दल'. पहिली ओळ वाचूनच वहीत रकाना भरता येतो.

कोपरखळी

+१. फक्त आंबे आधी संपतात की धागा, ते बघायचं.

तिरकी ओळ

पेटीबंद, पाच कारणं एका ॲड सेटमध्ये टाकली की काय होतं तेही सांगा ना. दुसऱ्या दिवशी यंत्र बहुतेक पैसा एकीवर ओततं. बाकीच्या चारांना धड माणसंच दिसत नाहीत आणि अहवालात त्या 'नापास'. जिंकते ती बहुधा सुरीवालीच, कारण पहिल्या तीन सेकंदांत डोळा धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आईबाबांच्या पेटीची गोष्ट उलगडायला वीस सेकंद लागतात. म्हणजे कल्पकतेला दार उघडं आहे, पण उंबरठा तीन सेकंदांचा.

पेटीबंद

हे मान्य, शंभर टक्के. म्हणून हळू उलगडणारी जाहिरात वेगळ्या ॲड सेटमध्ये, वेगळ्या पैशावर ठेवायची आणि तिला व्ह्यूवर तोलायचं नाही. संभाषणामागचा खर्च बघायचा आणि त्यातून प्रत्यक्ष पेट्या किती गेल्या ते. सुरीवाली रील पाहून बरेच जण 'भाव?' विचारून गप्प होतात. भेटीच्या जाहिरातीतून येणारा थेट पत्ता पाठवतो.

सांगोपांग

इन्फ्लुएन्सरकडून करून घेणाऱ्यांसाठी. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे) नियम जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे किंवा फुकट पेटी दिली असेल तर 'जाहिरात' असं लेबल हवं. व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा असेल तर ते किमान ३ सेकंद दिसलं पाहिजे, त्याहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ. ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी लपवलेलं चालत नाही. तसंच रीलच्या तळाचा भाग नाव, मजकूर आणि बटणांखाली झाकला जातो, तिथे लिहिलेलं लेबल लिहिल्यासारखं होतच नाही. भावही तिथे लिहू नका.

आकडेमोड

तिरकी ओळ, 'दुसऱ्या वर्षी पन्नास जण साका कापतील' याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

कापू देत. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि काही महिन्यांत भारतात निकालांच्या वरच एआयचं तयार उत्तर दाखवायला सुरुवात केली. 'साका म्हणजे काय' याला आता पानावर येण्याची गरज उरत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं लिहिणाऱ्यांचं दुकान त्यामुळे बसणारच, आणि त्यात तुमच्या पोर्तुगीजवाल्या पानांचा नंबर पहिला. टिकेल ते, जे दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही: आजचा डझनाचा भाव, या आठवड्यात फळ किती ग्रॅमचं उतरतंय, पावसाने मोहोर गळला का, किती पेट्या उरल्या. ते रोज बदलतं आणि बागेतूनच येतं.

त्यासाठी पान एकच ठेवा. दरवर्षी 'हापूस २०२४', 'हापूस २०२५' अशी नवी पानं काढली की जुन्याला मिळालेल्या लिंका वाया जातात. हंगाम संपला तरी पान काढू नका, 'पुढची नोंदणी फेब्रुवारीत' लिहून ठेवा. वरचा मोठा फोटो फोनमधून निघतो तसा चार-पाच एमबीचा चढवू नका. सोळाशे पिक्सेल रुंद, वेबपी (हलक्या चित्रांचा फाइल प्रकार), दोनशे केबीच्या आत. मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसावं अशी गूगलची अपेक्षा आहे, आणि त्याच चित्राला 'लेझी लोड' (वाचणारा तिथे पोचेपर्यंत चित्र न आणण्याची सोय) लावलं तर ते हमखास उशिरा येतं.

तिरकी ओळ

रोजचा भाव पानाच्या माथ्यावर, हे ऐकून बरं वाटलं. पण मग रीलखाली 'भावासाठी कमेंट करा' का? कमेंट वाढाव्यात म्हणूनच ना? पानावर भाव उघडा आणि रीलवर झाकलेला, हे एकाच दुकानाचे दोन चेहरे झाले.

पेटीबंद

त्यात धंद्याचंही कारण आहे. भाव आठवड्याला उतरतो आणि रील महिनाभर फिरत राहते. मार्चमधला भाव मे महिन्यात कुणी दाखवला की वाद होतो.

तिरकी ओळ

मग तारीख टाका. '१२ एप्रिलचा भाव'. सहा ग्रॅमची कोथिंबिरीची काडी विकणारी मावशीही पाटीवर आजचाच भाव लिहिते.

कोपरखळी

सहा ग्रॅमची काडी कुठे मिळते ते कमेंटमध्ये सांगा.