‘सहारा’ (२००५): एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते का?

मुशाफिर

क्लाइव्ह कसलर यांच्या कादंबरीवरून ब्रेक आयस्नर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सहारा’ हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला आणि नंतर त्याच्याबद्दलची जुनी-नवी मते वाचून काढली. कथा थोडक्यात अशी : अमेरिकी यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्ये, दक्षिणेकडील राज्यांची एक लोखंडी चिलखताची युद्धनौका सोने घेऊन रिचमंडहून निसटते आणि कित्येक वर्षांनी तिचा माग थेट मालीच्या वाळवंटात लागतो. तिच्या शोधात निघालेले डर्क पिट (मॅथ्यू मॅकॉनहे) आणि त्याचा जिवलग मित्र अल जिऑर्डिनो (स्टीव्ह झान) वाटेत जागतिक आरोग्य संघटनेच्या एका डॉक्टरला (पेनेलोपी क्रूझ) भेटतात. ती एका गूढ आजाराचे मूळ शोधत असते.

या चित्रपटाबद्दल मधले मत जवळपास सापडतच नाही. काहींच्या मते सुट्टीच्या दुपारी पाहण्यासारखे इतके निखळ साहस त्यानंतर क्वचितच झाले, तर काहींना तो खर्चिक आणि विस्कळीत वाटतो. मी स्वतः पहिल्या तासात रमलो आणि दुसऱ्या तासात दुरावलो, पण नेमके काय बिनसले ते मला बोट ठेवून सांगता येत नाही. ज्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आहे, त्यांनी कृपया कारणांसह लिहावे. ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढ्याने माझे समाधान होणार नाही.

ताळेबंद

आपण खर्चाचा उल्लेख केलात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. प्रदर्शनाच्या वेळी निर्मितीखर्चाचा आकडा १३ कोटी डॉलर सांगितला गेला होता. पुढे कादंबरीकार आणि निर्माते यांच्यातील खटल्यात जी कागदपत्रे समोर आली, त्यांच्या आधारे २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रमुख दैनिकाने हा खर्च सुमारे १६ कोटींपर्यंत गेल्याचे दाखवून दिले. जगभरातील तिकीटविक्री जेमतेम ११ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास होती आणि त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे तोट्याची कल्पना येते. पहिल्या आठवड्यात मात्र हाच चित्रपट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे लोक गेले नाहीत असे नाही. गेलेल्यांपैकी पुरेशा लोकांनी इतरांना ‘जरूर पाहा’ असे सांगितले नाही.

त्याच कागदपत्रांतील एक नोंद मला फार बोलकी वाटते. एका जुन्या विमानाच्या अपघाताचे जेमतेम पाऊण मिनिटाचे दृश्य वीस लाखांहून अधिक डॉलर खर्चून चित्रित केले गेले आणि अंतिम चित्रपटातून काढून टाकले गेले. आता चित्रपटातला तो भाग आठवा : दोघे मित्र हातकड्यांनिशी, ट्रकचा मागचा भाग ओढत वाळवंटातून चालत असतात, अचानक वाळूत एका विमानाचे अवशेष दिसतात, आणि थोड्याच वेळात ते त्यापासून शिडावर चालणारी गाडी बनवून भरधाव निघतात. ते विमान कोणाचे, तिथे कसे आले, याबद्दल अवाक्षरही नाही. पाहणाऱ्याला ही लेखकाने केलेली आयती सोय वाटते आणि त्यात त्याचा दोष नाही. पडद्यावर चार पटकथाकारांची नावे आहेत. इतक्या हातांतून गेलेल्या कथेत अशी छिद्रे राहिली, तर पैसा ती बुजवू शकत नाही.

जुनी पाने

ताळेबंद यांनी ज्या विमानाचा उल्लेख केला, त्याचे उत्तर कादंबरीत आहे आणि माझ्या मते प्रेक्षकांच्या दुफळीचे निम्मे कारणही तिथेच आहे. क्लाइव्ह कसलर यांच्या १९९२ च्या कादंबरीत ते विमान १९३१ मध्ये वाळवंटात बेपत्ता झालेल्या किटी मॅनॉक या वैमानिक स्त्रीचे आहे. तिचा शेवट आधी सविस्तर येतो. त्यामुळे पिटला विमान सापडते तेव्हा तो योगायोग असूनही वाचकाला एका विसरलेल्या माणसाची भेट झाल्यासारखे वाटते. ही कल्पना हवेतली नाही. बिल लँकेस्टर नावाचा वैमानिक एप्रिल १९३३ मध्ये सहारात कोसळला, आठ दिवस विमानाच्या सावलीत बसून रोजनिशी लिहीत राहिला, आणि त्याचा मृतदेह व ती रोजनिशी फ्रेंच गस्ती पथकाला १९६२ मध्ये सापडली. वाळवंट माणसाला आधी गिळते आणि पुढे कधीतरी परत देते, हा त्या कादंबरीचा खरा गाभा आहे. चित्रपटाने त्यातले गिळणे काढून टाकले आणि परत देणे तेवढे ठेवले.

अर्थात सगळेच ठेवायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. कादंबरीत त्या युद्धनौकेवर खुद्द अब्राहम लिंकन यांचा मृतदेह सापडतो. तो भाग वगळला हे उत्तम झाले. पण मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून कसलरची जाडजूड पुस्तके विकत घेऊन ज्यांनी रात्री जागवल्या, त्या वाचकांना पिट हा समुद्राचा माणूस म्हणून प्रिय आहे. स्वतः कसलर यांनी आपल्या कादंबऱ्यांतील, पिट जिथे काम करतो त्या सागरी संशोधन संस्थेचेच नाव देऊन खरी संस्था उभारली होती आणि १९९५ मध्ये तिच्या पथकाने चार्ल्सटनच्या समुद्रात ‘हनली’ ही दक्षिणेची पाणबुडी शोधून काढली. इतक्या ओढीने लिहिणाऱ्याच्या नायकाला पडद्यावर केवळ विनोदी बेफिकिरी मिळाली, याचे वाचकांना वाईट वाटणे स्वाभाविक आहे. लेखकालाही तसेच वाटले आणि प्रकरण न्यायालयात गेले, हे आपण जाणताच.

रानवारा

मी या चित्रपटाच्या बाजूने ठामपणे उभा आहे. कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाला किटी मॅनॉकची उणीव भासत नाही. त्याला दिसते ते मोरोक्कोत चित्रित केलेले खरे वाळवंट, अंगावर येणारे ऊन, आणि एकमेकांना पुरते ओळखणारे दोन मित्र. नायजर नदीवरील बोटींच्या पाठलागात एकाने ‘पनामा’ एवढाच शब्द उच्चारावा आणि दुसऱ्याला सारा बेत कळावा, यातच त्यांचा मागचा सगळा सहवास समजून येतो. त्यासाठी वेगळा प्रसंग लिहावा लागत नाही. झान यांनी जिऑर्डिनोला निव्वळ विदूषक होऊ दिले नाही. तो कामाचा माणूस आहे आणि बोलत बोलत काम उरकतो. नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही चारपैकी तीन तारे दिले होते, तेव्हा जाणकार सगळेच विरोधात होते असे मानू नये. शेवटी जुन्या युद्धनौकेच्या तोफेने हेलिकॉप्टर पाडले जाते, ते अशक्य आहे हे मलाही कळते. पण साहसकथेशी आपला करारच तसा असतो.

नदीकाठ

रानवारा यांच्याशी मी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. अशक्यतेबद्दल बोलायचे तर तोफेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्या काळच्या चिलखती नौका बंदरे आणि नद्या राखण्यासाठी बांधलेल्या असत. उत्तरेची प्रसिद्ध ‘मॉनिटर’ डिसेंबर १८६२ मध्ये अमेरिकेच्याच किनाऱ्यावर वादळात बुडाली, मग अटलांटिक ओलांडणे दूरच. ओलांडला असे मानले, तरी समुद्राकडून नायजरमध्ये शिरून मालीला पोहोचण्यापूर्वी आजच्या नायजेरियातील बुसा येथील खळाळ लागत. १८०६ मध्ये स्कॉटिश शोधप्रवासी मंगो पार्क वरच्या अंगाने होडीतून आला आणि तिथेच त्याचा अंत झाला. (ती जागा आता काइन्जी धरणाच्या जलाशयाखाली आहे.) हे सारे माहीत असूनही मी ती नौका आनंदाने स्वीकारली, कारण चित्रपट तिच्याकडे कुतूहलाने पाहतो.

मी दुरावलो ते विषाच्या प्रसंगांत, म्हणजे त्या गूढ आजाराचे मूळ पाण्यातले विष आहे हे उलगडते त्या भागात. त्या डॉक्टरचा विहिरीतला प्रसंग आठवा. गावात माणसे मेलेली आहेत, पाण्याचा नमुना घेण्यासाठी ती दोराने खोल विहिरीत उतरली आहे, आणि वर सैनिक येऊन तिच्या सहकाऱ्याला ठार मारतात. तिला खालून फक्त आवाज ऐकू येतात. हा प्रसंग गंभीर आहे आणि चांगला चित्रित झाला आहे. पण काही मिनिटांतच आपण पुन्हा हसतखेळत चाललेल्या मोहिमेत येतो आणि त्या गावाचा शोक कोणीच करत नाही.

हा विषय लेखकाने उगाच आणलेला नाही. १९८८ मध्ये नायजेरियातील कोको या गावात इटलीहून आणलेला हजारो टन विषारी कचरा सापडला आणि आफ्रिकेत संतापाची लाट उसळली. जानेवारी १९९१ मध्ये आफ्रिकी देशांनी घातक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घालणारा करार केला तो बामाकोत, म्हणजे मालीच्या राजधानीत. कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षीची आहे. म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात विष सोडणारा परदेशी उद्योगपती आणि त्याला साथ देणारा सेनाधिकारी ही जोडी त्या काळच्या बातम्यांमधून उचललेली होती. चित्रपटात त्यांचे नेहमीचे दोन खलनायक झाले. पहिल्या तासात आपण खजिन्याच्या मागे असतो आणि सारे जुळून येते. दुसऱ्या तासात प्रश्न हजारो माणसांच्या जिवाचा होतो, पण चित्रपटाचा सूर खजिन्याचाच राहतो. मुशाफिर, आपण नेमके कुठे दुरावलात ते मला ठाऊक नाही, पण मला वाटते ते याच वळणावर असावे.

मुशाफिर

नदीकाठ, आपण म्हणता ते वळण मी आज पुन्हा पाहिले आणि ते तिथेच आहे. विहिरीच्या प्रसंगानंतर माझे मन त्या डॉक्टरकडे लागले होते, तर चित्रपटाचे सोन्याकडे. जुनी पाने यांच्यामुळे विमानाचेही कोडे सुटले. रानवारा यांचे ‘पनामा’बद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते, ती मैत्री खरी आहे आणि तिच्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. मात्र किटी मॅनॉकचे दृश्य ठेवले असते, तर त्या एका मरणाची तरी दखल घेतली गेली असती आणि पुढच्या मरणांकडे पाहण्याची दृष्टी प्रेक्षकाला मिळाली असती, असे आता वाटते. कादंबरी मागवली आहे. वाचून झाल्यावर विहिरीचा भाग तिथे कसा आला आहे ते याच धाग्यात लिहीन.