मदत हवी आहे: जीडीमधे (ग्रुप डिस्कशन, म्हणजे गटचर्चेत) बोलायला जागा कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, बीकॉम झालंय, नोकरीसाठी जिथे जिथे फॉर्म भरलेत तिथे बऱ्याच ठिकाणी जीडी राऊंड आहे. भंवरकुआंला क्लासमधे प्रॅक्टिस चालू आहे, दहा जण गोल बसतो, दोन मिनिटं विचार करायला आणि मग पंधरा मिनिटं चर्चा.

परवा टॉपिक आला, इंदूरचं सफाई मॉडेल दुसऱ्या शहरांत चालेल का. आता हा तर आपल्या घरचाच विषय ना, 2017 ते 2023 सलग पहिला नंबर, दारातच ओला-सुका वेगळा घेतात, 2022 मधे सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्लांटची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची, सगळं कागदावर टिपून ठेवलं होतं, पण दोन मुलं सुरुवातीलाच अशी जुंपली की मी 'आय वुड लाइक टू ॲड' म्हणेपर्यंत तिसराच बोलून मोकळा!

आवाज चढवणं मला खरंच पटत नाही, आणि पॅनेल ऐकून घेण्याकडेही बघतं म्हणतात. मग आधीच्याचं नाव घेऊन त्याच्याच मुद्द्याला जोडून बोलायचं का? की सगळे भांडत असताना चर्चा टॉपिकवर परत आणायची? शेवटी समरी आपणहून द्यावी का, कोणी सांगितल्यावरच?

ज्यांनी जीडी क्लिअर केलीये किंवा जे स्वतः पॅनेलवर बसतात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. आणि रामबाग-नारायण बागेकडचं कोणी संध्याकाळी इंग्लिशमधून प्रॅक्टिसला तयार असेल तर कळवा, पुढच्याच आठवड्यात राऊंड आहे.