भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा की नाही? (चर्चा)

गिरणाकाठ (जळगाव)

आमच्या कॉलनीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं भाड्याची आहेत. कोणी चटईच्या कारखान्यात, कोणी डाळमिलमध्ये, कोणी बँकेत, कोणी शाळेवर. पारोळा, चोपडा, यावल, शहादा, कुठून कुठून आलेली माणसं. कोणाकडे चहाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आपलं घर झालं की करू." पडदे आपलं घर झालं की. तोरण आपलं घर झालं की. कानबाई, म्हणजे आपली खानदेशची देवी, बसवायची तर गावी जाऊ, इथं कुठं! लग्नात रुखवतावर मांडलेलं मण्यांचं, लोकरीचं काम अजून खोक्यात दोरी बांधून पलंगाखाली पडलेलं. ज्या बाईनं ते डोळे फोडून केलं तिला स्वतःलाही ते दिसत नाही.

करार अकरा महिन्यांचा असतो, पण तो पुन्हा पुन्हा होत राहतो आणि पोरं त्याच घरात बालवाडीतून पाचवीत जातात. त्यांचं लहानपण कोऱ्या भिंतींमध्ये जातं. मला हे पटत नाही. ज्या घरात आपण भाकरी थापतो, आजारी पडतो, सण करतो, ते घर राहतो तोवर आपलंच. त्याला हात लावावा, त्यावर थोडा जीव आणि थोडा पैसाही लावावा.

जुन्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांत भिंतीतच गोखला म्हणजे कोनाडा असायचा, खुंट्या असायच्या, बंगईच्या म्हणजे झोपाळ्याच्या कड्या असायच्या. घर बांधणाऱ्यानंच सोय केलेली, वेगळं विचारावं लागायचं नाही. आताच्या फ्लॅटमध्ये चार सपाट भिंती आणि करारात पहिली अट, "खिळे ठोकू नयेत". देवाची तसबीर खुर्चीवर ठेवून पूजा करणारी घरं मी पाहिली आहेत.

बाजारातून काही आणा असं म्हणत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी दिवाणावर घातली तरी खोलीचा नूर बदलतो. उन्हाळ्यात गच्चीवर खाट टाकून बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड घातले, पोरांनी वाटीत गरम चीक (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) खाल्ला, की त्या गच्चीशी नातं जुळतं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणी लिहा.

चाळीसगाव पॅसेंजर

दादा, वाचायला छान आहे, पण मी याच्या विरोधात आहे.

भाड्याच्या घरावर घातलेला रुपया परत येत नाही. मालकाचं घर सजतं आणि पुढच्या वर्षी तो त्याच सजलेल्या घराचं भाडं वाढवून मागतो. आम्ही नवरा-बायकोनं ठरवून भिंती कोऱ्या ठेवल्या आहेत. पडदा म्हणजे जुनी साडी. जो पैसा वाचतो तो प्लॉटच्या हप्त्यात जातो. पोरगी विचारते तेव्हा तिला सांगतो, तुझ्या खोलीचा रंग तू ठरवशील, पण तिकडे. ती वाट बघते, आणि वाट बघायला शिकणं वाईट नाही.

दुसरं म्हणजे टेम्पो. ज्यानं घर हलवलं नाही त्याला कळत नाही की हातानं केलेल्या वस्तू सगळ्यात आधी मोडतात. काचेच्या मण्यांचं काम खोक्यातच सुरक्षित असतं. तुम्हाला ते दडवलेलं वाटतं, आम्ही ते जपलेलं आहे.

सातपुडा पायथा

चाळीसगाववाल्या भाऊंशी पूर्ण सहमत. आधी सातबारा किंवा खरेदीखत, मग तोरण.

भुसावळ क्वार्टर

माझे वडील रेल्वेत होते. आमचं सगळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. बदली आली की सामान मालगाडीच्या वेगानं पुढच्या गावाला. आई प्रत्येक क्वार्टरमध्ये पहिल्या आठवड्यातच घर लावायची, पुढच्या वर्षी इथं असू की नाही याचा विचार न करता. लोखंडी ट्रंका एकाला एक लावून वर गोधडी, की झाला दिवाण. दारावर क्रोशाचं तोरण. भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) बसायची ती कोजागिरीपर्यंत, आणि लाइनीतल्या सगळ्या मुली आमच्याकडे गाणी म्हणायला, खाऊ ओळखायला. तमिळ, तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या मुलीसुद्धा यायच्या. खाऊचा डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, त्याला भाषा लागत नाही.

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, सरकारी घराला एवढं कशाला? आई अहिराणीत म्हणाली, "सरकारनं शे म्हनीसन काय जयं? ऱ्हातस तर आपनच ना!" (सरकारचं आहे म्हणून काय झालं? राहतो तर आपणच ना!)

चाळीसगाव पॅसेंजर, तुमच्या मुलीबद्दल एकच लिहितो. प्लॉटवर घर उभं राहायला दहा वर्षं लागली तर ती खोलीचा रंग ठरवायच्या वयाची राहणार नाही, ती होस्टेलला गेलेली असेल. एक भिंत आज द्या तिला. कागद चिकटवू द्या, चित्रं लावू द्या. प्लॉटचा हप्ता त्यानं चुकणार नाही.

शिरपूरकर

इथं सगळे भाडेकरू दिसताहेत, म्हणून घरमालकाची बाजू मांडतो. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला बांधला आणि भाड्यानं दिला. त्या भाड्यावर आमची औषधं चालतात.

खिळा म्हणजे एक भोक असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात लोक वरवंट्यानं खिळा ठोकतात, तो वाकतो, शेजारी दुसरा ठोकतात, आणि तळहाताएवढा गिलावा खाली येतो. खिडकीत कूलर ठेवतात, त्याचं पाणी वर्षभर भिंतीत मुरतं, खाली माझ्या खोलीत ओल. गच्चीवर मांड्यांसाठी तीन विटांची चूल मांडली, फरशी तडकली, वॉटरप्रूफिंग गेलं. गळती पावसाळ्यात कळते, तोवर बिऱ्हाड दुसरीकडे गेलेलं असतं. मांडे मलाही आवडतात. फ्लॅटमधल्या गॅसवर खापर (मांडे भाजायचं मातीचं भांडं) नीट तापत नाही हेही माहीत आहे. पण गच्ची माझी आहे आणि गळतीही माझ्याच डोक्यावर.

बिबडे, कुरडया, पापड खुशाल घाला. चीक सांडला तर धुवा, नाहीतर मुंग्या होतात. आणि खिळ्याचं आधी विचारा. विचारणाऱ्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही. स्वतः ड्रिल मशीन घेऊन वर जातो, रावळप्लग घालून स्क्रू लावून देतो.

गिरणाकाठ

शिरपूरकर काका, तुमच्यासारखा मालक मिळाला तर हा धागा काढायची वेळच येणार नाही. चुलीबद्दल तुमचं पटलं. पत्र्याची शेगडी पायांवर उभी राहते, खाली वाळूची पाटी ठेवली तर फरशीला आच लागत नाही, तसं चालेल का सांगा. कूलरचंही बरोबर आहे, पण पंचेचाळीस अंशांत वरच्या मजल्यावर कूलरशिवाय माणूस राहू शकत नाही. स्टँडवर, भिंतीपासून थोडा बाहेर काढून ठेवणं हाच उपाय. आणि उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचा हात दिला तर खालची खोली खरंच निवते. हा खर्च मालकानं करावा की भाडेकरूनं, यावर आमच्या कॉलनीत अजून वाद चालू आहे. माझ्या मते अर्धा-अर्धा.

पांझराकाठी (धुळे)

कायद्याचं थोडं, कारण अर्धवट माहितीवर भांडणं होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडे निम्मे करार नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून होतात, तो कागद नोंदणीची जागा घेत नाही.

त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करून मागता येतं. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभ्याचा ओटा, जाळी, फॉल्स सीलिंग अशा गोष्टी पक्क्या बांधकामात धरत नाहीत. पण हे जुन्या पद्धतीच्या भाडेकरूला. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (घर वापरायच्या परवान्याच्या करारावर) राहणाऱ्यानं याचा आधार घेऊ नये, त्याला करारातल्या अटीच लागू. म्हणून सही करण्याआधीच एक ओळ घालून घ्या: "देवघर, घड्याळ, पडदे व तसबिरींसाठी स्क्रू लावण्यास मालकाची संमती आहे, घर सोडताना भोकं पुट्टीने बुजवून द्यावीत." मालक सहसा तयार होतात. सही झाल्यावर मात्र हीच गोष्ट उपकार होऊन बसते.

केळीचं पान

सगळं वाचलं. खिळ्यांवर एवढी चर्चा झाली, आता मूळ मुद्द्यावर येते. गिरणाकाठ दादा, तुम्ही गोधडी, तोरण, बिबडे, चीक लिहिलंत. हे सगळं करायचं कोणी?

मी सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. सासूबाई गावी. ज्वारी तीन दिवस भिजवा, दळा, शिजवा, ओल्या कापडावर थापा, ऊन चढायच्या आत गच्चीवरून खाली या. ज्या घरात दोन जावा, सासू, आत्या मिळून हे करत होत्या, ते काम आता एका बाईवर येतं, आणि तिनं नाही केलं तर "घराला घरपण नाही". माझ्या घराला घरपण आहे. बिबडे मी बचत गटाच्या मावशींकडून घेते, पैसे मोजून. त्यांच्या हाताला जी चव आहे ती मला येणार नाही, आणि त्या पैशावर त्यांची पोरगी शिकते. हातानं केलेलं तेच खरं, या म्हणण्यात बाईचा वेळ फुकट धरलेला असतो. माझा विरोध तिथं आहे.

बट्टीवाला

ताई, अगदी मुद्द्याचं. मी पुरुष आहे म्हणून पुरुषांनाच विचारतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा कपाशीच्या काड्या पेटवून गोणीभर वांगी कोण भाजतं? आपण. बडजीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) मिरच्या, लसूण, वांगी कोण ठेचतं? आपण. सगळ्या आळीच्या बट्ट्या तळायला उभं कोण राहतं? आपणच. मग हाच माणूस घरी आला की गॅसपाशी का जात नाही? शेतात केलं की कौतुक आणि घरात केलं की कमीपणा, हे कुठून आलं?

आमच्या भाड्याच्या घरात रविवारची वरण-बट्टी माझी. पीठ मळण्यापासून कढई घासण्यापर्यंत. पोरांना त्या घराबद्दल विचारा, ती रविवारच सांगतील.

गिरणाकाठ

केळीचं पान ताई, तुमचं म्हणणं खोडणार नाही, ते खरंच आहे. एवढंच जोडतो की घर आपलं करायचं काम बाईचं, असं मी धरलेलं नाही आणि कोणी धरूही नये. आमच्याकडे गोधडीला दोरा मीही घालतो. टाके मोठे पडतात, पण अंगावर घेतलेली चालते. मावशींकडून बिबडे घ्या, त्यात काहीच कमी नाही. माझा आग्रह एवढाच की ते तळायला, वाढायला, चार माणसं बोलवायला मालकीच्या कागदाची वाट बघू नका. कानबाईचंही तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी गावी जायला रजा मिळत नाही म्हणून कितीतरी घरांत रोट, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचा सण, बंद पडले. भाऊबंद शहरातच असतील तर भाड्याच्या खोलीत का बसवू नये? आधी भिंतीला चुना द्यायचा असतो, मालकाला तर आनंदच होईल.

चाळीसगाव पॅसेंजर

कानबाईबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते बदलणार नाही. रोट भाऊबंदकीचे, गावच्या घरचे. त्यासाठी गावी जायलाच हवं, नाहीतर पोरांना गाव कशाला माहीत राहील? ज्यांना रजा नाही त्यांचं मी समजू शकतो, पण सोय झाली म्हणून गाव तोडायचं नाही.

भुसावळवाल्या भाऊंचं मुलीबद्दलचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते एक भिंत द्यायला हरकत नाही, पण चिकटपट्टीनं रंग निघतो. डिस्टेंपरच्या भिंतीवर काय चालतं?

शिरपूरकर

डिस्टेंपरवर चिकटपट्टी अजिबात नको, पापुद्रा निघून येतो. भिंतीच्या वरच्या बाजूला एक लाकडी पट्टी दोन स्क्रूंवर लावा, तिला सुतळी बांधा आणि कपड्याच्या चिमट्यांनी चित्रं अडकवा. भोकं दोनच, चित्रं हवी तेवढी. मालकाला आधी विचारा. आणि गिरणाकाठ, वाळूच्या पाटीवर शेगडी चालेल, पण पाटी दोन विटांवर उचलून ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे.