तरुणांना वचनं पाठ करून द्यायची, की शास्त्र वाचायला शिकवायचं?

मोहरीचा दाणा:
आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुण संघ माझ्याकडे आहे. बरेच दिवस मनात आहे ते आज मांडतो: आपण तरुणांच्या हातात वचनं, म्हणजे बायबलमधल्या सुट्या ओळी देतो, शास्त्र, म्हणजे सलग बायबल देत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन घ्या. परीक्षा असो, मुलाखत असो, वाढदिवस असो, देवाचे तुझ्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हेच वचन पुढे केलं जातं. त्याच्या आधीचं दहावं वचन कोणी वाचून दाखवत नाही. त्यात बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर तुम्हाला परत आणीन, असं आहे. हा अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यांना सांगितलं होतं. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल म्हणून सांगत होता, आणि यिर्मयाने त्याला तोंडावर खोटं ठरवलं. गंमत नाही, खरंच विचार करा: अकरावं वचन एकटं काढून देताना आपण हनन्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

हे दोन अध्याय सलग वाचलेल्या मुलीची नोकरी हुकली, तर तिला दुःख होईल, पण देवाने शब्द मोडला असं वाटणार नाही.

माझा प्रस्ताव असा: वर्षभर तयार पुस्तिका बाजूला ठेवायच्या. बायबलमधलं एक छोटं पुस्तक घ्यायचं आणि ते पूर्ण वाचायचं. इथे काय लिहिलंय? पहिल्यांदा ज्यांनी ते ऐकलं त्यांना काय कळलं असेल? आणि मग मी काय करायचं? आपली बहुतेक मुलं थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात, कारण आपणच त्यांना तसं शिकवलंय.

निवृत्त पाळक:
कळकळ पोचली, पण मी विरोधात आहे. पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि अशिक्षित व अस्थिर माणसं त्यांचा विपर्यास करतात, हे खुद्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात लिहिलंय. सैतानानेही येशूची परीक्षा घेताना स्तोत्र ९१ मधलं वचनच पुढे केलं होतं. एकट्याने वाचून, 'मला प्रभूने दाखवलं' म्हणत घरदार सोडून कुणा स्वयंघोषित गुरूच्या मागे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांसमोर बसायची वेळ तुमच्यावर आलेली नसावी.

प्रेषितांच्या कृत्यांत एक कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत होता. समजतं का, असं सुवार्तिक फिलिप्पाने विचारल्यावर कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार, असं तो म्हणाला. शास्त्रातच उत्तर आहे.

मोहरीचा दाणा:
पाळकसाहेब, तोच अध्याय पुढे वाचू या. फिलिप्प रथात चढला, शेजारी बसला, आणि तो माणूस जो उतारा वाचत होता तिथूनच त्याने सुरुवात केली. बाप्तिस्मा झाल्यावर प्रभूच्या आत्म्याने फिलिप्पाला उचलून नेलं. षंढाला तो पुन्हा दिसला नाही आणि तो आनंद करत आपल्या वाटेने गेला. वाट दाखवणारा हवाच, माझं नाही म्हणणं नाही. पण आपल्याकडे तो रथातून उतरतच नाही.

आणि सैतानाचं म्हणाल, तर प्रभूने त्याला 'असंही लिहिलं आहे' म्हणून दुसऱ्या वचनाने उत्तर दिलं. दुसरं वचन माहीत नसलेला मुलगा काय उत्तर देणार?

कॉलेजवाली:
मी त्याच 'तरुणां'पैकी आहे, म्हणून लिहिते. यहोशवाचं पुस्तक वाचून मी विचारलं होतं की इस्राएलांनी यरीहो नगर घेतलं तेव्हा तिथली लहान मुलंसुद्धा का मारली? मला सांगण्यात आलं, प्रार्थना वाढव. त्यानंतर मी तिथे प्रश्न विचारले नाहीत. इंटरनेटवर विचारले. तिथे उत्तरं देणारे खूप भेटतात आणि त्यातल्या कुणालाच माझं नावही माहीत नसतं.

आम्ही एकटे वाचून भरकटतो, अशी पाळकसाहेबांना भीती वाटते. एकटं कुणी पाडलं, तेही बघा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असं लूक लिहितो. त्याला कुणी गप्प केल्याचं लिहिलेलं नाही.

धर्मशिक्षक:
मी कॅथलिक आहे, आमच्याकडून थोडं सांगतो. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज काढला. त्यात सर्व भाविकांनी शास्त्र वारंवार वाचावं, असा आग्रह आहे, आणि शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान, हे संत जेरोमचं वाक्यही आहे. पण पुरेशा टीपांसह भाषांतरं द्या, असंही तिथेच सांगितलंय आणि अर्थाचा अधिकृत निवाडा चर्चकडे ठेवलाय. मला ही रचना शहाणपणाची वाटते. 'मला काय वाटलं' एवढ्यावर थांबलेला अभ्यास हा अभ्यास नव्हे. चौथ्या शतकातल्या माणसाने त्याच ओळींशी झगडून काय लिहिलं, हे न बघताच वीस वर्षांच्या मुलाने निष्कर्ष काढायचा, हा त्या मुलावरच अन्याय आहे.

मोहरीचा दाणा:
टीपा, भाष्यं सगळं हवं. फक्त नंतर. आमच्याकडे पौलाने फिलेमोनाला, त्याच्याकडून निघून आलेल्या अनेसिम या दासाबद्दल लिहिलेलं पत्र घेतलं तेव्हाचं सांगतो. पंचवीसच वचनं. वचनांचे आकडे काढून, साध्या पत्रासारखं छापून मुलांना दिलं. कोण कोणाला काय मागतंय, त्याखाली रेघ मारा, एवढंच सांगितलं.

आधी शांतता. मग एकजण म्हणाला, "हा आज्ञा करू शकतो म्हणतो, आणि करत नाही." दुसरीने अनेसिमाचं देणं माझ्या नावावर मांड, हे पौल स्वतःच्या हाताने लिहितो, तिथे बोट ठेवलं. मागे बसलेला एक अबोल मुलगा शेवटाकडे आला: "माझ्यासाठी उतरायची सोय करून ठेव म्हणतोय. म्हणजे हा स्वतः येऊन बघणार आहे, दासाला कसं वागवलं ते." ते वाक्य भाष्यातून आलं नव्हतं. मग प्रश्न निघाला, 'त्याला मुक्त कर' असं सरळ का नाही लिहिलं? त्यावर ते भांडले. भाष्य मी त्यानंतर काढलं, आणि त्यांनी ते भुकेल्यासारखं वाचलं.

निवृत्त पाळक:
छान झालं असेल. पण हेच पत्र दाखवून अमेरिकेत पळून गेलेले गुलाम मालकाला परत करणं शास्त्रसंमत ठरवलं गेलं. ते लोकही बायबल स्वतः वाचणारेच होते, रोज वाचणारे. वाचता येणं म्हणजे नीट वाचणं नव्हे.

ऐकणारी:
इथे मला राहवत नाही. १९व्या शतकात अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाच्या मिशनऱ्याने याच पत्रावरून गुलामांना, पळून जाऊ नका, असा उपदेश केला. त्यानेच लिहून ठेवलंय की अर्धे श्रोते उठून चालते झाले आणि असं पत्र बायबलमध्ये नाहीच, असं काहींनी सांगितलं. त्यांना वाचू दिलं जात नव्हतं, म्हणून पडताळायचा मार्गच नव्हता. १८०७ मध्ये लंडनला गुलामांसाठी निवडक बायबल छापलं, त्यात मिसर देशातून सुटकेची कथाच गाळली होती. निवडून देणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते बघा.

तरीही माझी एक तक्रार प्रस्तावावर आहे. थेस्सलनीका नगरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल बजावतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. युरोपातला छापखाना पंधराव्या शतकातला, त्याआधी बहुतेक ख्रिस्ती माणसांनी शास्त्र कानांनीच घेतलं. ज्यांना सलग वाचवत नाही अशी मुलं तुमच्या संघात असतीलच. त्यांच्या हातात रेघा मारायचा कागद दिलात तर ती पुन्हा मागेच बसतील. आधी मोठ्याने वाचा, दोनदा, वेगवेगळ्या आवाजांत.

मोहरीचा दाणा:
हे घेतलं. पुढे मार्कचं शुभवर्तमान सुरू करतोय, तो सुरुवातीपासून मोठ्याने वाचू.

निवृत्त पाळक:
मार्क? शेवटच्या अध्यायाला पोचाल तेव्हा तळटीप दिसेल की १६:९ पासूनची वचनं सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. कोवळ्या विश्वासाच्या मुलाला ते काय वाटेल? ते आधीच समजावून सांगायला हवं, पाळकाने, व्यवस्थित.

कॉलेजवाली:
तळटीप छापलेलीच आहे, पाळकसाहेब. आम्ही ती वाचलीय.

निवृत्त पाळक:
मग त्या आठवड्याला मला बोलवा. मी आधी बोलणार, हे मात्र सांगून ठेवतो.

मोहरीचा दाणा:
या ना, पाळकसाहेब. पण पहिला अर्धा तास मुलं बोलतील.