वसंतात सायकल पुन्हा सुरू करताना: उत्साह पुढे, गुडघे मागे

मंदगती

हिवाळ्यात जवळजवळ तीन महिने माझी रोड बाइक भिंतीला टेकून उभी होती. दर वर्षी होते तसेच यंदाही झाले. पहिल्या उबदार सकाळी सायकल बाहेर काढली, हवेत गारवा होता पण त्यातला बोचरेपणा गेला होता, झाडांना कोवळी पालवी फुटू लागली होती आणि जो रस्ता गेल्या वर्षी पाठ झाला होता तोच नव्याने पाहत असल्यासारखा वाटला. दम लागेल अशी धास्ती होती, परंतु पहिल्या दोन फेऱ्यांतच श्वास बऱ्यापैकी जागेवर आला आणि आपण फारसे काही गमावलेले नाही असा माझा समज झाला.

त्या समजाच्या भरात पहिल्या आठवड्यात २५, दुसऱ्या आठवड्यात ३५ आणि तिसऱ्या रविवारी एकदम ७० किलोमीटर चालवले. त्या दिवशी पन्नास किलोमीटर झाल्यावर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या बाजूने, दुखू लागले. दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. बैठकीच्या हाडांविषयी न लिहिलेलेच बरे. भरीस भर म्हणून परतीचे सगळे अंतर समोरून वारा होता. आता चालताना काही जाणवत नाही, पण जिना उतरताना गुडघा कुरकुरतो.

मी कोणत्याही स्पर्धेत उतरत नाही, केवळ आनंदासाठी सायकल चालवतो. हे दुखणे निव्वळ सराव तुटल्यामुळे आहे की सायकलच्या मापात काही चुकले आहे, हे कसे ओळखावे? आणि वाऱ्याचा एवढा परिणाम खरोखरच होतो, की मी आपल्या कमकुवतपणाचे खापर त्याच्यावर फोडत आहे?

चढउतार

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन कारणे एकत्र आली आहेत, म्हणून ती वेगळी करून पाहू.

सायकल बंद केल्यावर काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते आणि हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलू लागते. पण हे नुकसान लवकर भरूनही निघते, आणि म्हणूनच दोन-तीन फेऱ्यांत तुमचा श्वास जागेवर आला. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांचे तसे नसते. त्यांना रक्ताचा पुरवठा मुळातच कमी असतो आणि वाढत्या भाराची सवय व्हायला त्यांना महिने लागतात. थोडक्यात, वसंतात तुमचे फुप्फुस तुम्हाला परवानगी देते आणि गुडघ्याला कोणी विचारलेलेच नसते. ३५ वरून थेट ७० वर जाणे ही दुप्पट उडी आहे, आणि ती दम न लागता घेता आली हाच तर सापळा आहे.

परंतु सगळा दोष सरावावर टाकू नका. जुन्या सायकलस्वारांचा एक ठोकताळा आहे की गुडघा पुढून दुखला तर सीट खाली असावी आणि मागून दुखला तर वर असावी. तो शंभर टक्के खरा ठरतो असे नाही, पण तपास तेथूनच सुरू करावा. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलवता पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. मोजमाप करायचे असेल तर अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्या आणि त्याला ०.८८३ ने गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलांचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर सुरुवातीला तेवढे ठेवावे. हे सूत्र म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) लांबी, बुटाच्या तळव्याची जाडी आणि शरीराचा लवचीकपणा यांनुसार त्यात फरक करावा लागतो.

माझ्या बाबतीत एका वसंतात भलताच उलगडा झाला. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जेथे फ्रेममध्ये शिरतो तेथे मी काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा गुंडाळून ठेवतो. त्या वर्षी तो वेढा क्लॅम्पच्या (दांडा आवळून धरणाऱ्या कड्याच्या) आत अर्धा गडप झालेला दिसला. क्लॅम्पचा बोल्ट सैल पडला होता आणि प्रत्येक खड्ड्यागणिक सीट केसभर खाली सरकत होती. बसताना मला काहीच जाणवले नव्हते, गुडघ्याने मात्र महिनाभर आधी सांगितले होते.

गिअरचेही पाहा. तेवढीच शक्ती लावायची असेल, तर मिनिटाला ६० फेरे मारताना पॅडलवर जो जोर द्यावा लागतो तो ९० फेऱ्यांच्या तुलनेत दीडपट असतो. सुरुवातीचा महिनाभर हलक्या गिअरमध्ये ८० ते ९० च्या लयीत चालवावे आणि मोठ्या गिअरची हौस नंतर पुरवावी. चढावर गिअर बदलण्याचा कंटाळा करणारे गुडघे मी बरेच पाहिले आहेत, त्यांत माझेही दोन आहेत.

बोटे बधिर होण्याचे कारण असे की मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते आणि तळहाताचा टाचेसारखा भाग हँडलवर रेटला की ती दबते. हिवाळ्यात पोटाचे व पाठीचे स्नायू सैलावलेले असल्यामुळे धड पेलले जात नाही आणि सगळा भार हातांवर येतो. कोपरे किंचित वाकलेली ठेवा, दर काही मिनिटांनी पकड बदला आणि सीटचे नाक खाली झुकलेले नाही ना, हेही पाहा, कारण उतरत्या सीटवरून माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी रोखून धरतो.

बैठकीचे दुखणे बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. गादीदार शॉर्ट्स आत दुसरे काही न घालता वापरावी, अन्यथा शिवण घासते. फार मऊ सीट घेण्याचा मोह टाळावा, कारण तीत हाडे रुततात आणि ज्या नाजूक भागावर दाब नको त्यावरच तो येतो. गुडघा मात्र सुजला, विश्रांतीतही दुखत राहिला किंवा अडकू लागला, तर आमची मते वाचत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

पाठवारा

वाऱ्यावर खापर फोडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याला गणिताचा आधारही आहे.

हवेचा विरोध तुमच्या जमिनीवरील वेगाच्या नव्हे, तर हवेच्या तुलनेतील वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा तुम्ही ताशी २५ किलोमीटरने जात आहात आणि वारा ताशी १५ चा आहे. तो पाठीशी असेल तर तुमच्या अंगावर येणारी हवा १० च्या वेगाची असते आणि समोरून असेल तर ४० ची, म्हणजे चौपट वेग आणि सोळापट विरोध. म्हणूनच पाठीशी वारा असताना तो आहे हेच लक्षात येत नाही. कानाशी घोंघावणे थांबते, चेनचा बारीक आवाज ऐकू येतो आणि आज आपले पाय विशेष चालत आहेत असा गोड गैरसमज होतो. वळून परत निघाल्यावर त्याचा हिशेब चुकता करावा लागतो.

दुसरे म्हणजे येता-जाता वारा समसमान होऊन सारे फिटते, हा समजही खरा नाही. वीस किलोमीटर ताशी २० ने गेलात आणि तेच वीस ३० ने परत आलात, तर एकूण १०० मिनिटे लागतात आणि सरासरी २५ नव्हे, तर २४ पडते, कारण मंद टप्प्यात तुम्ही अधिक वेळ घालवता. म्हणून शक्यतो आधी वाऱ्याच्या तोंडी जावे आणि पाय थकल्यावर त्याने घरी ढकलावे असा मार्ग आखावा. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि वारा बहुधा वाढतो, त्यामुळे सकाळी लवकर निघणाऱ्याला शांत हवा मिळण्याची शक्यता जास्त असते. सोबती असेल तर आळीपाळीने पुढे राहावे. मागे नीट चिकटून चालवणाऱ्याचे कष्ट पाव हिश्श्याने तरी वाचतात, मात्र पुढच्याच्या चाकाला आपले चाक घासणार नाही इतके भान आणि परस्परांवर इतका विश्वास हवा.

वसंताच्या कपड्यांविषयी दोन शब्द. २० एप्रिल १९८० रोजी बेल्जियममधील लिएज-बास्तोन-लिएज या शर्यतीत हिमवर्षाव झाला आणि निघालेल्या १७४ जणांपैकी केवळ २१ जण शेवटपर्यंत पोहोचले. जिंकलेल्या बर्नार इनो यांच्या दोन बोटांची संवेदना पुढे कधीच पूर्ववत झाली नाही. आपल्यासारख्यांची गाठ बर्फाशी पडणार नसली, तरी पंचांगातला वसंत आणि रस्त्यावरचा वसंत यांची तारीख जुळतेच असे नाही. चढावर घामाने भिजलेले अंग उतारावर ताशी ५० च्या वाऱ्यात काही मिनिटांत गारठते. काढता येणाऱ्या बाह्या, गुडघे झाकणारे आवरण आणि मुठीत मावेल असे वाऱ्याचे जाकीट जर्सीच्या मागच्या खिशात असावे. ते नसेल तर उतार लागण्यापूर्वी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवण्याची युक्ती जुनी असली तरी आजही चालते.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. विषुवदिनाच्या आसपास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ तो थेट डोळ्यांत येतो. तुम्हाला समोरचे दिसत नसेल, तर मागून येणाऱ्या मोटारचालकालाही तुम्ही दिसत नाही असे धरून चाला आणि भर दिवसासुद्धा मागचा दिवा चालू ठेवा.

तेलकट बोटे

वरच्या दोघांनी शरीर आणि हवा यांचे सांगितले, पण तीन महिने उभी असलेली सायकलही काही तशीच राहत नाही. ट्यूबमधील हवा आपोआप झिरपते, म्हणून दाब अंगठ्याने न चाचपता मापकाने पाहावा. सकाळी दहा अंश तापमानात ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला टायर दुपारी वीस अंशांत सुमारे तीन पीएसआयने चढलेला असतो, तेव्हा एवढ्या फरकाने गोंधळू नये. ट्यूबलेस टायर असतील तर आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) सुकून त्याचे रबरी पापुद्रे झालेले असण्याचा बराच संभव आहे. टायर कानाजवळ धरून हलवल्यावर आत द्रव डुचमळत नसेल, तर ते नव्याने भरावे.

चेनच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांच्या बारा जोड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिलिमीटर असते. ती दीड मिलिमीटरने वाढली की अकरा किंवा बारा गिअरच्या सायकलवर चेन बदलावी, नाहीतर ती मागचे दातेही खाऊन टाकते आणि खर्च वाढतो. ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले खडे टोचणीने काढा.

जेथे हिवाळ्यात पाणी गोठते तेथे ते सुमारे नऊ टक्के फुगून डांबर फोडते, आणि वसंतात खड्डे व सुटी खडी यांचा सुकाळ असतो. ही खडी नेमकी वळणावर साचते. तेव्हा ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नव्हे.

झुळूक

एवढे सगळे वाचून एखाद्याला सायकल पुन्हा भिंतीलाच टेकवावीशी वाटेल, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मी दोन वर्षांपूर्वी हँडलवरचा वेग-अंतर मोजणारा संगणक वसंतापुरता काढून ठेवला. तो असताना दर रविवारी मी गेल्या उन्हाळ्यातल्या स्वतःशी शर्यत लावत असे आणि दर रविवारी हरत असे. आता दीड तास झाला की परततो, मग अंतर काहीही होवो. उतारावर पॅडल थांबवल्यावर मागच्या चाकाची ती बारीक करकर, ओल्या मातीचा वास, सावलीतून उन्हात आल्यावर दंडावर येणारी ऊब, हे ७० किलोमीटरच्या तिसऱ्या तासात अनुभवास येत नाही, तेव्हा फक्त घर आठवते.

याचा अर्थ वसंत माझ्यावर मेहेरबान आहे असा नाही. मला झाडांच्या परागकणांचा त्रास होतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी तो वाढतो, तर चांगला पाऊस पडून गेल्यावर बराच कमी असतो. चष्मा लावणे आणि घरी येताच तोंड धुऊन कपडे बदलणे यांनी फरक पडतो. चष्म्याने किडेही अडतात, तोंड मिटून घेण्याचे काम मात्र स्वतःलाच करावे लागते. पहिल्या खऱ्या उन्हाच्या दिवशीही जपावे, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर तेच अंतर जास्त दमवते.

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप केले. जांघेपासून जमिनीपर्यंत ८१ सेंटिमीटर भरले, म्हणजे सूत्रानुसार सीटची उंची साडेएकाहत्तर हवी होती, आणि प्रत्यक्षात ती ७०.४ निघाली. एवढ्यावर मी सूत्रालाच दोष दिला असता, परंतु सीटपोस्ट पुसल्यावर जुन्या जागेची गोल रेघ क्लॅम्पपाशी असायला हवी तेथे दिसली नाही. सीटपोस्ट थोडा वर ओढला तेव्हा ती पुसटशी रेघ आतून बाहेर आली. बोल्ट हाताच्या बोटांनी फिरावा इतका सैल होता. बोल्ट किती जोराने आवळावा ते क्लॅम्पवर पाच न्यूटन-मीटर असे कोरलेले आहे, तेवढाच आवळला.

सीट एकदम अकरा मिलिमीटर वर न नेता आधी चार आणि तीन दिवसांनी आणखी तीन मिलिमीटर वर घेतली. काल सकाळी लवकर निघून दहा किलोमीटर वाऱ्याच्या तोंडी गेलो आणि तेवढेच परत आलो, तेही हलक्या गिअरमध्ये. बोटे शेवटपर्यंत जागी होती. जिना उतरताना गुडघा अजून एकदा कुरकुरतो, आधी पायरीगणिक कुरकुरत असे. राहिलेले चार मिलिमीटर पुढच्या रविवारी.