खिडक्या तीन, माणूस एक

कुणी कुणी म्हणतं की माजी सैनिकांसाठी योजनाच नाहीत. हे पटत नाही. योजना ढीगभर आहेत, गोची ही की त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं, औषधोपचाराची ईसीएचएस योजना (२००३ पासूनची) संरक्षण मंत्रालयाची, आणि पेन्शनची 'स्पर्श' ही ऑनलाइन यंत्रणा थेट प्रयागराजहून चालते. एकाकडची दुरुस्ती दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

आमचे चुलते अंबाजोगाईकडचे, हवालदार म्हणून निवृत्त. ते गेल्यावर काकूंची फॅमिली पेन्शन अडली, कारण सैन्याच्या रेकॉर्डला त्यांचं माहेरचं नाव आणि आधारवर लग्नात बदललेलं. आपल्याकडे हे घरोघरी आहे! प्रतिज्ञापत्र, मग रेकॉर्ड ऑफिसला कागद, मग नवी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). एका खिडकीवरच्या साहेबांनी तर "हे आमच्याकडं येत नाही" एवढंच सांगून परत पाठवलं. काकू प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्तीचं पुस्तक) घेऊन एसटीनं किती वेळा बीडला गेल्या, मोजलं नाही. म्हणून ज्यांच्या घरी माजी सैनिक हयात आहेत त्यांनी बायकोचं नाव डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधारवर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. माणूस असताना ही दुरुस्ती त्याच्या सहीनं होते.