माउथ ऑर्गनसाठी माइक: बुलेट घेऊ की ५८ वरच भागवू?

तिसरं_भोक:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं सी पट्टीतला दहा भोकांचा हार्मोनिका वाजवतोय. आता मित्रांच्या बँडमध्ये ब्लूज वाजवायचंय. शिकागोचा हार्मोनिकावाला लिटल वॉल्टर, त्याचा तो जाड, फाटका आवाज हवाय. घरात श्युअरचा एसएम ५८ माइक आहे आणि १५ वॉटचा ट्यूबवाला गिटार अँप. परवा ५८ मुठीत धरून अँपला जोडला, तर आवाज किरटा. वाढवला की लगेच शिट्टी. एक गृहस्थ जुना अ‍ॅस्टॅटिक जेटी-३० विकतायत, मुठीत धरायचा गोळ्यासारखा 'बुलेट' माइक, दिसायला झकास आहे. नवा श्युअर ५२०डीएक्स हा बुलेटही मनात आहे. काय घेऊ? राहायला ठाण्यात.

ओला_क्रिस्टल:
ठाण्यात राहतोस हे तू शेवटी लिहिलंस, पण खरी गोम तिथेच आहे. जुन्या जेटी-३० मध्ये आवाज पकडायला रोशेल सॉल्ट या क्षाराचा क्रिस्टल असतो. त्याला ना दमट हवा सोसत ना उष्णता. ५५ अंशांच्या आसपास तर कायमचा मरतो. मी माझा रत्नागिरीला घेऊन गेलो. जूनमध्ये काय गर्जायचा! गणपतीत पेटीतून काढला तर डास गुणगुणल्यासारखा. देणाऱ्याने 'आयुष्यभर चालेल' म्हणून दिला होता. कुणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहिलं.

शिवाय क्रिस्टलला अँपचं इनपुट ५ मेगओमच्या आसपास रोधाचं लागतं. गिटार अँपचं बहुधा १ मेगओम असतं, त्यात खर्ज गळून जातो.

आता तुझा ५८. तो किरटा वाजतो कारण तो लो इम्पीडन्सचा (इम्पीडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा रोध) आणि अँपचं इनपुट हाय. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लाव. बोटभर लांबीचं नळकांडं असतं, एका टोकाला माइकची तीन पिनांची एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला गिटारची पाव इंची पिन. नुसती तशी केबल मिळते ती घेऊ नकोस, त्याने टोकं जुळतात, इम्पीडन्स नाही.

शिट्टीचं कारण वेगळं. ५८ मागून येणारा आवाज टाळतो तो जाळीच्या मागच्या फटींच्या जोरावर. मुठीत धरलास की फटी बंद, मग तो चहूकडून ऐकतो. पण मूठ तर सोडता येत नाही, सगळी मजा तिथेच आहे! म्हणून अँप कानाशी ठेवू नकोस, लांब ठेव. ट्रेबल उतरव. तरी ऐकेना तर पहिली ट्यूब १२एएक्स७ असेल तिच्या जागी १२एयू७ लावून बघ. १२एएक्स७ आवाज १०० पटीच्या आसपास वाढवते, ही २० च्या आसपास. बहुतेक अँपमध्ये चालते, तरी मेकॅनिकला विचारूनच.

आणि मूठ. ४ नंबरचा सूर आत ओढ आणि हात आवळत जा. आवाज एकदम जाड होतो ती जागा सापडली की माइक बदलायची निम्मी खाज जाते.

५२०डीएक्स वाईट नाही. हाय इम्पीडन्सचा, डायनॅमिक म्हणजे क्रिस्टल नसलेला, पावसाची भीती नाही, आणि बुडाशी व्हॉल्यूमची कळ. शिट्टी सुरू झाली की अंगठ्याने मारायची. पण वजनदार आणि गलेलठ्ठ. हात लहान असतील तर विकत घेण्याआधी कुणाचा तरी अर्धा तास धरून बघ.

स्लाइडवाले_काका:
मी क्रोमॅटिकवर, म्हणजे बाजूला स्लाइडचं बटण असलेल्या हार्मोनिकावर, जुनी हिंदी गाणी वाजवतो. हौसेने बुलेट घेतला आणि पस्तावलो. एक तर उजवी तर्जनी स्लाइडच्या बटणावर, मग तो गोळा धरायचा कुठे? दुसरं म्हणजे मींडेची पार माती. आमच्यासाठी ५८ स्टँडवर, तोंडापासून चारेक बोटं लांब. पण तुम्हाला फाटकंच हवंय म्हणता, तर ओला_क्रिस्टल सांगतात तेच बरोबर.

तिसरं_भोक:
दादा, ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवर मिळाला. अँप खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. शिट्टी पूर्वी व्हॉल्यूम २ वर यायची, आता ५ पर्यंत जाता येतं. मूठ अजून गळतेय, डाव्या करंगळीकडून. खालच्या काकू मात्र विचारून गेल्या, 'ट्रकचा भोंगा घेतलास का रे?' म्हणजे दिशा बरोबर आहे बहुतेक.

जेटी-३० ला नाही म्हणून कळवलं. बुलेटही तूर्त नको. त्या पैशांतून ए पट्टीतला हार्मोनिका घेतोय, आमचा गिटारवाला ई पट्टी सोडायला तयार नाही, आणि ई मधल्या ब्लूजला ए चा हार्मोनिका लागतो.